चिंचोक्याच्या पिठाची पुडी

बाबा, तुमच्या हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायची, ती तुमची नात आता डॉक्टरकी शिकते. परवा जेवताना तिने सहज सांगितलं, की कॅन्सरच्या काही पेशींच्या आवरणात एक प्रथिन असतं. औषध आत शिरलं की ते पंपासारखं उपसून बाहेर टाकतं. सुरुवातीला गाठ दबते. पण असल्या पंपवाल्या पेशी तेवढ्या तगतात, त्यांचीच वीण वाढते, आणि मग तेच औषध लागू पडेनासं होतं.

तुमच्या मानेवरची गाठ अशीच आधी दबली होती. दर आठवड्याला उमरेडहून एसटीने नागपूरला यायचं, इंजेक्शन घ्यायचं, माझ्याकडे दोन घास खाऊन परत जायचं. चौथ्या महिन्यात गाठ पुन्हा वर येते, आणि त्याच दिवशी खुंटीवरच्या तुमच्या सदऱ्यात मला मातकट पिठाची पुडी सापडते. मी विचारतो, "कोन्या वैद्याची हाये हे? म्हनूनच सुई लागत नाही तुमाले!" तुम्ही हसता. "काहून गा, कोष्ट्याचा पोरगा अन् चिंचोक्याचं पीठ ओळखत नाही? खळीचं हाये. दुकानदाराले दाखवाले आनलं, असंच दे म्हनून." मी म्हणतो, "खळ सुताले लावता का पोटाले?" तेही तुमच्या सुनेसमोर. तुम्ही पुडी खिशात घालता, गाडीची वेळ झाली म्हणता. त्यानंतर इंजेक्शनला येत राहिलात, पण माझ्याकडे जेवायला नाही. दवाखान्यातून थेट स्टँडवर.

तुम्ही वारल्यावर मी त्या पुडीवर लेख लिहिला: इंग्रजी सुईशी गावठी पुडीने झुंजणारा म्हातारा. लोक पोट धरून हसले. अजून कुठेही बोलावलं की तोच वाचायला सांगतात. जगाची सोंगं उघडी पाडणारा मी. मला कोणीतरी दोषी हवा होता, आणि उलटून न बोलणारे तुम्ही तेवढे हाताशी होतात. पोरीला विचारलं, "म्हणजे आजोबांचं तसंच झालं असेल?" ती म्हणाली, "आता कोण सांगणार, बाबा? पण तुमी त तेव्हाच निकाल देऊन टाकला होता."

नव्या पुस्तकाची मुद्रितं टेबलावर पडली आहेत. तो लेख काढून टाका असं छापखान्याला कळवलं, हे तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसलो. अजून कळवलेलं नाही. लेख फार चांगला जमलाय, बाबा.