१०६६ अधिक १६००

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. निश्चय एकच: जत्रेच्या आत कॉम्प्युटर फास्ट करायचा. कॉम्प्युटर फास्ट झाला की व्हिडिओ कॉल अडकणार नाही. कॉल अडकला नाही की नर्मदेला घर नीट दिसेल. घर दिसलं की ती जत्रेला येईल, आणि सत्तावीस वर्षांचा संसार आहे, आली की राहीलच.
लेकीच्या, तन्वीच्या, बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती दोन महिन्यांच्या बोलीवर. बाळंतपण जरा लांबलंय. नातू समर्थ आता घरभर धावतो.

३ नोव्हेंबर, सकाळी ८.१५
कॉम्प्युटर सुरू केला. मध्ये चहा करून प्यालो, कप विसळला. अजून सुरू होतोच आहे. मोबाइलवर कॉल कर असं तन्वी म्हणते, पण मी बटणवाला मोबाइल ठेवलाय. तत्त्व आहे.

६ नोव्हेंबर
वैभववाडीला जाऊन आलो. तिथे अपेक्षाचं रिपेअरिंगचं दुकान. तिला म्हटलं, मशीन आमच्या सेवा सोसायटीनं मोडीत काढलेली, मी आणली. आत २ जीबीची रॅम आहे, १०६६ स्पीडची. अपेक्षा म्हणाली, काका, नवीन घेवा, हेका आता किती दिवस ओढतलात? मी म्हटलं, आमच्या घरात वस्तू टाकायची पद्धत नाही. मग तिनं रॅमचीच ४ जीबीची जुनी पट्टी काढून दिली, १६०० स्पीडची.
१०६६ अधिक १६००, २६६६. सोसायटीत तीस वर्षं बेरजाच केल्यात. दोन वेगळ्या स्पीडच्या पट्ट्या एकत्र घातल्या की काय होतं, असं अपेक्षा काहीतरी सांगत होती. पण माझी एसटी लागली होती.

७ नोव्हेंबर, सकाळी १०
पट्टी बसवली. सोपं काम आहे. लोक उगाच घाबरतात.

सकाळी १०.१०
मशीन ओरडतेय. टीं, टीं, टीं. पडदा काळा.

दुपारी
शेजारचा बाबली आला. पट्टी खोडरबरान पूस म्हणाला, त्याच्या मुलीनं कुठेतरी बघितलंय. कॉम्प्युटरला खोडरबर! त्याला हाकललं.

संध्याकाळी
खोडरबर शोधतोय.
नर्मदेच्या पत्र्याच्या डब्यात सापडलं. त्याखाली तिची वही. मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी लिहिल्यात. कोल्हापूरची गिऱ्हाइकं, मुंबईची गिऱ्हाइकं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, 'हे कॉम्प्युटरवर करायला शिकवा म्हटलं. उद्या म्हणाले.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही.
मी उद्या म्हटलं म्हणजे उद्याच म्हटलं होतं. नाही कुठे म्हटलं होतं?
पट्टी पुसली. तरी टीं टीं.

९ नोव्हेंबर
कॉन्फिडन्स पूर्ण आहे. तरीही देवळात जाऊन कौल घेतला. आमच्याकडे म्हैस घेण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं देवीला विचारतात, मग रॅमनं काय घोडं मारलंय? मशीनमध्ये दोन खाचा आहेत. नवी पट्टी डाव्या खाचेत घालू का, एवढंच विचारायचं होतं.
गुरव दत्ताराम मूर्तीला पाकळ्या लावत म्हणाला, खंयचो प्रश्न आसा? मी म्हटलं, घरचा. त्याचा हात थांबला. तुमच्या घरचो कौल वैनीन घेतललो मा, पुण्याक जावच्या आदी? आता परत कित्याक?
बाळंतपणाचा असणार तो. बायका विचारतात. मी म्हटलं, तू लाव. उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होकार.

११ नोव्हेंबर
सुरू झाली! नवी पट्टी डाव्या खाचेत ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली तर कट्ट असा आवाज झाला. आधी असा आवाज झालाच नव्हता. देवीची कृपा.

११ नोव्हेंबर, दुपारी
स्पीड बघितला. २६६६ नाही. १६००सुद्धा नाही. दोन्ही पट्ट्या १०६६.
अपेक्षाला फोन केला, की तू फसवलंस. ती म्हणाली, काका, ताच तर सांगत होतंय तुमका. दोन एकत्र ठेवल्यात की फास्टवाल्येक हळूवाल्येच्या स्पीडनच चलाक लागता. मी म्हटलं, मग हळूवालीला जरा भरभर चालायला काय होतं? तिका जमणा नाय, म्हणाली. या पिढीला मोठ्यांशी बोलायची रीत नाही.
मात्र एकूण जागा वाढली आहे, चित्र स्वच्छ येईल असं तिनंच कबूल केलं. आपल्याला तेवढंच हवं.

१८ नोव्हेंबर
पुण्याच्या गाडीनं पार्सल आलं! वर नर्मदेचं अक्षर. सामान पुढे पाठवलं म्हणजे माणूस मागून येणार. बाबलीला दाखवून आलो. काशीबाई, म्हणजे बाबलीची बायको, काहीतरी विचारणार होती, पण मला घाई होती.
पार्सल उघडलं नाही. तिचं सामान तीच उघडेल. पलंगावर नवी चादर घातली. मसाला कुटायचा डंका पुसून ठेवला. तिला कॉम्प्युटर शिकवायचं टाइमटेबल केलं: रोज सकाळी नऊ ते दहा.

२२ नोव्हेंबर
आज पाचला कॉल झाला. जमेल तसं सगळं लिहितो.
चित्र इतकं स्वच्छ की नर्मदेचा नवा चष्मा दिसला. केस आखूड केलेत. मागे ओट्यावर वाट्या मांडलेल्या. सहा वाजता तिचा क्लास असतो, लॅपटॉपवरून वीस बायकांना मालवणी जेवण शिकवते. लॅपटॉप तीच चालवते. कधी शिकली, माहीत नाही.
मी मशीनचा वायरवाला कॅमेरा फिरवून घर दाखवलं. चादर दाखवली. बरा ठेवलात घर, असं म्हणाली. मग मी विचारलं, जत्रेला कधी निघतेस?
तिथे चित्र थांबलं. मी म्हटलं, हॅलो, हॅलो, अडकलं वाटतं. तीन-चार वेळा म्हटलं. मशीनच्या डोक्यावर थापही मारली. तेवढ्यात तिच्या मागून समर्थ धावत गेला.
चित्र अडकलं नव्हतं. तीच गप्प होती.
मग तिनं विचारलं, पार्सल काशीबाईक दिलात? त्यात देवीच्या ओटीची साडी आसा. माझ्या नावान तिका ओटी भरूक सांगा. नारळ आपल्या माडाचो घाला.
मी म्हटलं, आणि तू?
मी येवचंय नाय, म्हणाली. जत्रेक नाय, मागीरसुद्धा नाय. तुमच्यावर राग नाय माझो. सत्तावीस वर्सां तुमच्या चालीन चल्लंय. हय माका माझी चाल गावली. निघाच्या आदी देवीक इचारललंय, जाव काय कायमची? तिना उजवो दिल्यान.
बराच वेळ गेला असावा, कारण तिकडून तिनं विचारलं, अडाकला काय हो?
मी म्हटलं, हो. अडकलं.

२५ नोव्हेंबर, जत्रा
काशीबाईनं ओटी भरली. नाव नर्मदेचंच घेतलं. नारळ आपल्या माडाचा, मी सोलून दिला. दत्तारामनं विचारलं, कौल लावचो आसा काय? नको म्हटलं. मला काय विचारायचंय ते तिनं आधीच विचारलंय.
घरी येऊन मशीन उघडली. १६००ची पट्टी काढून कागदात गुंडाळली. अपेक्षाला सांगणार आहे, ही कुणाच्या तरी चांगल्या मशीनमध्ये घाल, धावू दे. आपली जुनी एकटीच ठेवली. बटण दाबलं आणि नेहमीसारखा वाट बघत बसलो. सुरू झाल्यावर कॉल करायला कुणी उरलं नाही, हे मग लक्षात आलं. तिथेच बसून रडलो. खूप रडलो.
उद्या पहिल्या एसटीनं वैभववाडीला जाऊन पट्टी देऊन येतो. उद्या म्हणजे उद्याच.