नाल्याकाठची चारोळी

चंद्रपूर,
रविवार, १२ एप्रिल २०२६

ती. आत्यास,
दुर्गाचा सेवा जोहार आणि शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की मंगळवारी गावी आले तेव्हा आपल्या जंगलातली चारोळीची झाडं पाहिली आणि फळ पिकलं आहे. खरं असं की मी एकच झाड पाहिलं, नाल्याकाठचं, आपल्या घरामागचं. तू मोहफुलं वेचायला गेली होतीस, जीपवाल्याला पुढच्या गावाची घाई होती आणि माझ्या हातात अर्धा तास होता. मूठभर फळं तोडली, काळीभोर होती, दोन खाल्ली, गोड लागली. तेवढ्यावर मी पत्रक भरलं.

माझं काम तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण लिहिलं की मलाच ते नीट दिसतं. कंपनी आपल्यासह सहा गावांतून चारोळीच्या गुठल्या घेते, इथे शेडमध्ये बाया त्या फोडतात आणि दाणा पुण्याच्या मिठाईवाल्यांना जातो. त्यांच्या डब्यावर छापलेलं असतं की फळ पिकल्यावरच तोडलं आहे, फांदी तोडलेली नाही. ते खरं आहे हे सांगणारं पत्रक मी लिहिते. त्यावरून खरेदीची तारीख ठरते. मागच्या वर्षी ती ४ मे होती. या वर्षी माझ्या पत्रकामुळे आपल्या गावात १८ एप्रिल आणि बाकीच्या पाच गावांत २५ एप्रिल ठरली आहे.

कंपनी चालवणाऱ्या नूतन मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी ऑफिसात समोसे मागवले. त्यांचंही खरं आहे. भैयाजी व्यापाऱ्याची पिकअप आतापासूनच गावोगाव फिरते आहे, हिरवं की काळं तो विचारत नाही. मागच्या वर्षी आम्ही थांबलो आणि आमच्या वाट्याला निम्मीच पोती आली. मॅडम म्हणाल्या की मालच नाही भेटला तर ते तत्त्व काय मी फ्रेम करून भिंतीवर टांगू?

मग शुक्रवारी गावाहून नमुन्याची टोपली आली. तू शिकवलंस तशा मी गुठल्या पाण्यात टाकल्या. शंभरातल्या एक्केचाळीस तरंगल्या. पोकळ, म्हणजे कच्च्या फळाच्या.

शाळेत जायच्या आधी तू मला शंभरापर्यंत मोजायला शिकवलंस ते या गुठल्यांवरच. चुकले तर रागवायची नाहीस, सगळ्या पुन्हा घमेल्यात ओतायचीस आणि पहिल्यापासून मोजायला लावायचीस. बोटं जांभळी व्हायची. अंगणात ओल्या फळांचा तो आंबूस वास असायचा, आणि तू कोळशाने भिंतीवर आकडे काढायचीस. शुक्रवारी ऑफिसच्या बेसिनपाशी उभी राहून मोजताना मला तीच भिंत दिसत होती.

आत्या, नाल्याकाठचं झाड काळं झालं की समजायचं सारं जंगल काळं झालं, हे तूच सांगायचीस ना? मी त्यावरच विसंबले. तरी एकदा पहाडीवर जाऊन बघ आणि एसटीच्या कंडक्टर धम्मदीपभाऊंजवळ उत्तर दे. फोनवर नको. फोनवर तू मला धीर देशील आणि मी तो खरा मानीन.

तुझी माया अशीच राहू दे, आणि माझं चुकलं असेल तर तेही स्पष्ट लिही.
तुझी,
दुर्गा


तोडेमेटा, ता. मुलचेरा
बुधवार, १५ एप्रिल

चि. दुर्गास,
बुधरी आत्याचे अ. उ. आ.

तुहं पत्र भेटलं. धम्मदीप म्हणे का पोरगी लय बारीक झाली. तिकडे भात मिळत नाई का तुले? सोबत मोहफुलांचे लाडू पाठवून राह्यली. शेडातल्या बायांले दे, पण आधी तू खाय.

आता खरं सांगतो. हसू नको आणि रडू बी नको. नाल्याकाठच्या झाडाचं जे मी तुले सांगत होती, ते खोटं होतं.

तू पाच वर्षांची होती. आजीच्या मागं मागं पहाडीवर पळे. चारोळी पिकली का अस्वलं येतात, तुले तर माहीत आहे. तुले किती बांधून ठेवावं? म्हणून मी म्हटलं, हेच झाड सगळ्या झाडांचं मोठं आहे, हे काळं झालं का सारं जंगल काळं झालं, पहाडीवर जायचं कामच नाई, इथीच खाय. तू मानलं. दिवसभर त्या झाडाखाली बसून राहे, कपड्यांचे सारे डाग मी धुतले. ते झाड तर उतावळं आहे पोरी. त्याच्या मुळाले नाल्याचं पाणी लागते, दरवर्षी पंधरा-वीस दिवस आधी पिकते. गावातल्या लेकराले बी हे ठाऊक आहे. फक्त तुलेच नाई, काऊन की तुले मीच शिकवलं. मोठी झाल्यावर सांगाचं राहून गेलं. मले वाटे, पोरगी शहरात शिकली, आता तिले झाडाचं काय काम.

काल पहाडीवर गेली होती. फळ हिरवं आहे, दातानं फुटत नाई.

अजून एक सांगाचं आहे. आपला पुजारी, सुकलू गायता, दरवर्षी नव्या फळाच्या पूजेआधी चार दिशांची झाडं चाखते, मग दिवस धरते. लेकरांचं खाणं अन् नमुना सोडला तर त्याच्या आधी गावात कोणी फळाले हात लावत नाई. या वर्षी कंपनीवाल्यांनी तुह्या पत्रकाची चिठ्ठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली. पोरांनी वाचून दाखवली. सुकलू म्हणे, आपली पोरगी शिकली, तिनं लिहिलं तर पाहूनच लिहिलं असन, माह्ये गुडघे दुखतात, मी कायले पहाडी चढू. अन् त्यानं पूजा शुक्रवारी धरली. मी तिथीच होती. भिंतीवर तुहं नाव पाहून माह्यी छाती फुगली होती. माहाच बनाव त्या कागदावर चिकटला आहे, हे मले तुहं पत्र वाचल्यावर समजलं.

आता सुकलूले जाऊन सांगू का? जीभ वळत नाई.

जेवत जा. पत्राची वाट पाहतो.
तुही आत्या


चंद्रपूर,
शनिवार, १८ एप्रिल

ती. आत्यास,
सेवा जोहार वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. वाचून मला राग यायला हवा होता, पण मला ते झाडच आठवलं. तिथे बसून मी तुझ्यासाठी फळं राखून ठेवायची, आणि तू डोक्यावर मोळी घेऊन येताना लांबूनच विचारायचीस की माझ्या वाटणीची किती उरली. पहाडी मला कधी हवीशी वाटलीच नाही. माझं सारं जंगल त्या एका झाडाखाली होतं. पण आत्या, पाचव्या वर्षी मी तुझं ऐकलं यात तुझी चूक नाही. सव्विसाव्या वर्षी पहाडी न चढता सही केली, ती माझी चूक आहे.

काल मी नूतन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाल्या, पत्रक तुझं, सही तुझी, आता मी काय करू? पुण्याहून सांगून ठेवलं आहे की ५ मेपर्यंत माल आला नाही तर ते दुसरीकडून घेतील, जिथे पिकलं की नाही हे कोणी विचारत नाही. मग शेडमधल्या चौदा बायांना घरी पाठवावं लागेल. शेवटी म्हणाल्या की पिकलं आहे असं लिहायला जड जात असेल तर पिकू लागलं आहे असं लिही, इतकं धुतल्या तांदळासारखं राहू नको.

त्या वाईट आहेत असं समजू नकोस. पहिल्या वर्षी त्यांच्या सख्ख्या मामांनी हिरव्या गुठल्यांची दोन पोती आणली, तर यांनी ती परत केली होती. मामा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. ही गोष्ट त्या पूर्वी हसून सांगायच्या. काल मी आठवण करून दिली तर हसल्या नाहीत.

रंजीता म्हणून शेडमधली बाई रोज माझ्यासोबत डबा खाते. तुझे लाडू सगळ्यांत जास्त तिने खाल्ले. मी पुण्याला खरं कळवलं तर तिचं काम जाईल. नाही कळवलं तर पुढच्या शनिवारी आणखी पाच गावांत लोक माझ्या सहीवर हिरवं फळ ओरबाडतील. उंचावरचं हिरवं फळ हातानं निघत नाही, मग फांदीच तोडतात. मी कागदावर दोन बाजू मांडून पाहिल्या. कागद भरला.

आज आपल्या गावात खरेदी सुरू झाली असेल. काय झालं ते लिही. सुकलू काकांना सांगायचं की नाही ते मी तुला सांगू शकत नाही. मला स्वतःलाच अजून ठरवता येत नाही.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
दुर्गा


तोडेमेटा,
सोमवार, २० एप्रिल

चि. दुर्गास,
अ. उ. आ.

मी सुकलूले सांगितलं. शनिवारीच, कंपनीची गाडी उभी होती तेव्हा. त्याचे पाय धराले वाकली तर तो म्हणे, बुधरी, तू लहानपणी बी लय खोटं बोले, आता म्हातारपणी कबूल करून राह्यली का? अन् हसला. मग काठी घेतली अन् पहाडीवर गेला. गुडघे धरत धरत चारही दिशा फिरला. माघारी आला तर मिशीले हिरवा चीक लागला होता. साऱ्या गावासमोर म्हणे का पूजा माह्यी चुकली, मी न चाखता दिवस धरला, देवाले पुन्हा विचारतो. तोपर्यंत तोडणी बंद.

काही लोक लय चिडले. दोन घरांनी तर भैयाजीले माल देऊन टाकला होता. ते म्हणे, दुर्गाच्या कागदावर तोडा, दुर्गाच्या आत्याच्या सांगण्यावर थांबा, आम्ही काय तुमच्या घरचे बैल आहो का? मी आयकून घेतलं. त्यांचं काय चुकलं?

कंपनीच्या गाडीनं सहा पोती नेली. पहाडीच्या पायथ्याशी फांद्या पडल्या आहेत, पाच-सहा झाडांच्या. आणि नाल्याकाठच्या झाडाची मोठी फांदी कोणीतरी तोडली. तीच, जिले तुहा पाळणा बांधत होतो. त्याचं फळ तर खरंच पिकलं होतं, तरी तोडली. उंच होती, हात पोचत नाई म्हणून. मी लिहिणार नव्हती, पण तू म्हणते स्पष्ट लिही.

सुकलूनं निरोप दिला आहे. पाचही गावचे गायते त्याच्या ओळखीचे आहेत, एक तर त्याचा व्याही आहे. तो म्हणे, मी जाईन अन् माह्या तोंडानं माह्यी चूक सांगीन. पण भिंतीवरचा कागद मी काढू शकत नाई. ज्यानं लिहिला त्यानंच यावं.

तब्येत सांभाळ.
आत्या


चंद्रपूर,
बुधवार, २२ एप्रिल

ती. आत्यास,
सेवा जोहार वि. वि.

फांदीचं वाचलं. पाळणा मला आठवत नाही. पण त्या फांदीला दोरीनं घासून पडलेली खाच आठवते. मी तिथे बोट घालून बसायची आणि ती कशाची आहे ते तुला विचारायची. तू दर वेळी सांगायचीस.

काल नवं पत्रक लिहिलं. त्यात इतकंच आहे: सात एप्रिलचं पत्रक चुकीचं होतं. एकच झाड पाहून लिहिलं होतं, ते झाड दरवर्षी लवकर पिकतं. पहाडीवरचं फळ हिरवं आहे. नेलेल्या सहा पोत्यांवर पिकल्याची खूण लावू नये. चूक माझी, गावाची नाही. ते आधी मॅडमसमोर ठेवलं, कारण त्यांच्या पाठीमागून काही करायचं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, तू थांबशील, तुझं गाव थांबेल, भैयाजी थांबेल का? तेव्हा सुकलू काकांचा निरोप माझ्या कामी आला. मी म्हटलं की भैयाजी झाडावर चढत नाही. सहाही गावांनी पूजेआधी फळाला हात लावला नाही तर तो घेणार कोणाकडून? आपण आजवर त्याच्याआधी पोचायला धावत होतो. त्यापेक्षा सहाही गायत्यांनी दिवस धरावा, तीच आपली तारीख, आणि पुण्याला आताच कळवावं की माल मेच्या अखेरीस मिळेल. त्या म्हणाल्या की पुणेवाले नाही म्हणाले तर? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, आत्या. रंजीतालाही मी तेच सांगितलं. तिने माझ्या डब्यातली भाजी घेतली आणि म्हणाली की मेच्या अखेरीपर्यंत मी धानाच्या गिरणीत जाईन, पण परत बोलावलं नाही तर तुझं नाव टाकीन.

मॅडमनी पत्रकावर सही केली नाही, पण ते फाडलंही नाही. पेपरवेटखाली ठेवलं आणि मला विचारलं की तू जेवलीस का. मी त्यांना सांगितलं आहे की गावी निघेन त्याच दिवशी एक प्रत पुण्याला टाकणार. नोकरी राहील की नाही ते त्यानंतर कळेल.

पाच गावांत शनिवारी गाड्या पोचतील, त्याआधी मला पोचायला हवं. आपल्या पंचायतीच्या भिंतीवरचा कागद मी माझ्या हातानं काढीन, नवा लावीन, मोठ्यानं वाचून दाखवीन. चिडलेली घरं समोर असतील तर बरंच. मग सुकलू काकांसोबत एकेका गावी जाईन. त्यांच्या गुडघ्यांसाठी धम्मदीपभाऊ भाच्याची मोटारसायकल मिळवून देणार आहेत. आणि वेळ मिळाला तर या सगळ्याआधी पहाडी. या वेळी चारही दिशा चाखून.

माझ्यासाठी काही रांधू नकोस. घमेलं आणि गुठल्या तेवढ्या अंगणात ठेव. शंभर पुन्हा पहिल्यापासून मोजू. तोवर माझ्यावर राग असला तर असू दे, माया मात्र असावीच.

तुझी,
दुर्गा

ता. क. दिवस चुकू नये म्हणून वेगळा लिहिते. पहिल्या गाडीनं येते, शुक्रवार, २४ एप्रिल.