चाड्यावरची मूठ

आबा, तुम्ही मला पाटीवर लिहायला शिकवलेला पहिला शब्द ‘तिफण’ होता. आता मी भिंगारला मुलींच्या शाळेत शिकवते आणि आठ दिवसांपासून पुन्हा त्याच शब्दापाशी आहे. आमच्या मोठ्या बाईंना मुलींसाठी शेतीच्या शब्दांची वही हवी आहे. या मुलींचे वडील कचेरीत, नाहीतर लष्कराच्या गोदामात. भाकरी रोज खातात, पण पेरणी कशी होते ते त्यांनी पाहिलेले नाही. “तुम्ही पारनेरकडच्या, तुम्हीच लिहा,” बाई म्हणाल्या.

सोपे वाटले होते. जिरायत म्हणजे पावसावर पिकणारी जमीन, बागायत म्हणजे विहिरीच्या किंवा पाटाच्या पाण्यावरची. ‘वाफसा’ लिहिताना मात्र तुमचा हात दिसला. पावसानंतर मूठभर माती दाबून तुम्ही माझ्यासमोर धरायचात. बोटांना चिकटली तर थांबायचे, बोट लावताच भुसभुशीत फुटली तर पेरायचे. अर्थ मी तसाच लिहिला. मग ‘चाडं’ आले. बैलांनी ओढायच्या तीन फणांच्या तिफणीवरचा लाकडी वाडगा, त्याला तीन भोके, भोकांतून तीन नळ्या खाली फणांपर्यंत. तिफणीमागून चालणारी बाई त्यात मुठीने बी सोडते. इथे माझी लेखणी दोन दिवस थांबली.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून रब्बीच्या ज्वारीला मूठ माझ्या हाती आली. मी अकरा वर्षांची. सकाळपासून मला वाटते आहे की बी खाली पडत नाही. मी तीनदा हाक मारते, तीनदा तुम्ही बैल थांबवून बघता, नळी मोकळीच असते. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, “बाय, लई झालं. आता हाक मारलीस तर मूठ चुलतीच्या हाती दीन.” शेताच्या खालच्या अंगाला वाफसा नीट आलेला नव्हता. तिथे मधल्या फणाच्या तोंडाशी चिखल बसला आणि मधल्या भोकात ज्वारी काठापर्यंत साचली. मी पाहिले. हाक मारली नाही. उरलेल्या दोन भोकांत बी सोडत चार फेऱ्या चालले. तुम्ही बैलांना पाणी दाखवायला गेलात, तेव्हा काडीने चिखल उकरून काढला.

ज्वारी उगवली तेव्हा त्या चार रिकाम्या ओळी बांधावरून जाणाऱ्या कुणालाही दिसत होत्या. तिफण घडवणाऱ्या सुतारमामांना तुम्ही शेतातच बोलावलेत. “डोळं मिटून भोक पाडलंस व्हय रं?” चार माणसे हसली.

“आबा, तिन्ही भोकं येकाच गिरमिटानं पाडल्यात. मदलंच कसं रुसंल?”

“मंग काय माझी लेक रुसली? तिनं तीनदा थांबवलं मला. तिची नजर चुकायची न्हाई.”

मी तुमच्या शेजारी उभी होते. सुतारमामांनी चाडे काढून नेले आणि नवे करून आणले. पुढच्या पेरणीआधी तुम्ही गेलात. तोवर गावातल्या दोन घरांनी त्यांच्याकडून तिफण करून घेणे बंद केले होते.

वहीत मी शेवटी लिहिले आहे, ‘नळी तुंबली की चाड्यावरच्या बाईने लगेच हाक मारावी, आधी तीनदा उगाच मारली असली तरी.’ मोठ्या बाई म्हणाल्या, हे शब्दाच्या अर्थात बसत नाही, खोडा. मी खोडले नाही. एवढेच धैर्य झाले.

सुतारमामा अजून आहेत, डोळ्यांनी अधू. गावी गेले की ओट्यावरून पावले ओळखून विचारतात, “मास्तरीनबाय, बरी हायेस का?” मी बरी आहे म्हणते आणि पुढे जाते. हे पत्र तुम्हाला पोहोचणार नाही, म्हणूनच लिहिता आले. त्यांच्यासाठीही मी दोनदा कागद पुढे घेतला. त्यांना वाचता येत नाही, तोंडानेच सांगावे लागेल, हे मला दोन्ही वेळा ठाऊक होते.