खुणेवरचं पाणी

२ एप्रिल

आलो एकदाचे नव्या घरात! खोल्या तीनच, पण मागे ऐसपैस अंगण आहे आणि घर घेतलं ते त्यासाठीच. दोन वर्षांपूर्वी हिचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ही चाकाच्या खुर्चीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पाण्यात अंग हलकं होतं, रोज तासभर पाण्यात चालवा. म्हणून अंगणात पोहण्याचा तलाव. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, या वयात हे काय खूळ? लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, तेवढीच त्यांची करमणूक. हीसुद्धा हसली, वाकड्या तोंडाने का होईना.

९ एप्रिल

आज क्रेनने टाकी खड्ड्यात उतरवली. निळी, फायबरची, चार मीटर लांब, दीड मीटर रुंद. मिस्त्री मोठा चोख माणूस. बाहेरून वीतभर वाळू, आतून वीतभर पाणी, असं बरोबरीने भरत आणलं. नाहीतर म्हणे टाकीचं पोट फुगतं. हिला काठावरून सरकत उतरता यावं म्हणून पाणी काठाच्या फक्त बोटभर खाली. तिथे त्याने खूण केली. पाणी चढलं तर मागचा कॉक सोडून बागेत काढा, असं बजावून गेला. अहो, सांगताय कुणाला! तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्यात जलाशयाची पातळी लिहिली आहे मी. ही म्हणाली, चला, मीटरसाहेब पुन्हा कामावर रुजू.

१४ एप्रिल

ही चालली! सहा पावलं, कुणाचाही हात न धरता. वळून मला म्हणाली, अहो, रडताय काय, मोजा की. मी रडत रडत मोजली.

१९ एप्रिल

सकाळी पितळी मापपट्टी लावली. खुणेच्या वर पाऊण मिलिमीटर. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण मला चैन पडेना. वर आच्छादन असतं, म्हणून पाणी फारसं आटत नाही, हे ठीक. पण चढेल कसं? मिस्त्री म्हणाला, नळ ठिबकत असेल. नळ कोरडा आहे. कॉक सोडला, जादा पाणी गुलाबांना गेलं, खूण गाठली. मग चहा गोड लागला.

२४ एप्रिल

रोज पाऊण मिलिमीटर, नेमकं. मुख्य नळ बंद केला, तरीही. रोज काढून टाकतो, गुलाब तरारले आहेत. ही आता तीन-तीन तास पाण्यात असते. तिथे नव्या नवरीसारखी मिरवते आणि बाहेर काढली की गळून पडते. आज उचलताना माझ्या कंबरेत कळसुद्धा आली नाही. बाई म्हणाल्या, वजन उतरतंय, छानच.

२७ एप्रिल

वजनकाट्यावर बसवली. चोवीस किलो. चौसष्ट होती. गाल भरलेले, दंड तसाच, कुठेही रोडावलेली नाही.

मग हिशेब मांडला. मला दुसरं येतं काय? रोज पाऊण मिलिमीटर म्हणजे साडेचार लिटर. नऊ दिवस. चाळीस लिटर.

माझ्या हाताने. गुलाबांना.

२८ एप्रिल

कॉकला कुलूप घातलं. हिला दिवसभर घरात ठेवली. दहा वाजता ओठ फुटले. अकराला कातडी कागदासारखी वाजू लागली. ही हात जोडत होती, धड असलेला एकच हात छातीशी नेऊन. डॉक्टरांचा फोन लागेना. बारा वाजता मीच उचलून पाण्यात ठेवली. मीच.

३० एप्रिल

गुडघ्यांखाली काही दिसत नाही. पाणी स्वच्छ आहे, तळ दिसतो, पाय दिसत नाहीत. एक तांब्या भरून घरात ठेवला होता, निदान तेवढी तरी राहावी म्हणून. संध्याकाळपर्यंत तांब्या आटला. पुन्हा हात लावायचा नाही.

हिला कॉकचं सगळं सांगितलं. ही म्हणाली, तुमचं काम नेहमीच चोख. रागावली असती तर बरं झालं असतं.

मुलीला सांगितलं. ती म्हणते, बाबा, तुम्हाला आराम हवा, मी निघते. दोन दिवसांचा प्रवास.

१ मे

चेहरा आणि डावा हात. बोलते ते पाण्यातून येतं, अर्धं कळतं. एकटीला भीती वाटते म्हणाली. मी काठावरच बसून आहे. छत्री धरली आहे, ऊन लागू नये म्हणून— आटू नये—

२ मे, सकाळ

चेहरा गेला. हात आहे. बोलावतो आहे.

पाणी खुणेच्या वर चार मिलिमीटर. काठापर्यंत चौदा उरले. मी एकाहत्तर किलो. उतरलो तर बारा चढेल. दोन उरतात. अजिबात न हलता उतरलो तर दोन उरतात. जरा लाट उठली तरी काठावरून, फरशीवर, उन्हात—

हात थांबत नाही. चाळीस वर्षं या हाताला नाही म्हटलेलं नाही.

वही काठावर. पहिली पायरी. पाणी घोट्याला लागलं, कोमट. लाट नाही.

दुसरी. अगं, हळू. हळू. आलो ना मी. माझा पाय थरथरतो आहे, थांबत नाही— तू धर, नको, ओढू नकोस, अगं काठ ओला