फवारणी नव्हतीच

मंगळवार, दिवेलागणीला

दुपारी म्हसावदचा एक बाप पंचविशीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आला. "सिस्टर, मन्हा पोऱ्या फवारनी करी ऱ्हायना व्हता, चक्कर ईसन पडना." कपाशीच्या दिवसांत असे रोजच येतात. डॉक्टर येईपर्यंत मी फवारणीच्या विषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन भरूनही ठेवलं. सवयीनं!

डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला. फवारणीच्या विषानं बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. याच्या मोठ्या, काळ्याभोर. अंगाला औषधाचा वासही नाही. डॉक्टर ओरडले, "थांबा! याची नाडी आधीच धावतेय. हे दिलं तर हृदय बंद पडेल."

तेव्हा कुठे बापानं स्वतःच्याच खिशातून चकचकीत पुडी काढली. वर 'धूप' छापलेलं. ओढायची नवी नशा. आत काय असतं देव जाणे. "फवारनी व्हती, असं गावमा सांगता येस, सिस्टर. हाई कसं सांगू?"

किती खेकसले मी त्या बापावर! मुलगा आता बोलतोय. पण त्या बाहुल्या... डॉक्टरांच्या आधी मी पाहिल्या होत्या. पाहिल्या, आणि मग इंजेक्शन भरलं.