मधला बोल्ट

बेकासी, बाविसावा रोजा

आदरणीय पार्तोनो दादांच्या पायाशी धाकट्या सुरातमानचा सलाम.

तुमचे गुडघे, वहिनींचा खोकला आणि ती लाथाळ शेळी, तिन्हींची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमची धाकटी भावजय एन्दाह माझ्याशी फारशी बोलत नाही, पण तब्येतीनं उत्तम आहे (न बोलण्याचं कारण पातेलं, त्याकडे येतोच). माझ्या मागच्या तीन पत्रांना तुमचं उत्तर आलं नाही. टपाल रखडलं असेल, असं मी एन्दाहला सांगतो. तिचा विश्वास बसलेला दिसत नाही.

तर पत्र लिहिण्याचं कारण असं, की बाबांची गाडी बिघडली आहे. दादा, पत्र फाडू नका! बाबांना जाऊन हजार दिवस झाले, त्या दिवशीच्या प्रार्थनेला मी आलो नाही, आणि तेव्हाही हेच कळवलं होतं, हे माझ्या लक्षात आहे. पण या खेपेला देवाशपथ बिघडली. पुरावा म्हणून जळकं गॅस्केट सोबत पाठवतो आहे (हाताला काळं लागेल, वहिनींच्या ओढणीला पुसू नका).

झालं असं. बाबा रोज सकाळी आधी बॉनेट उघडून पाणी बघायचे आणि मग चहा प्यायचे. मी आधी चहा पितो. चहानंतर पाणी बघायचं राहून जातं. त्या दिवशी बाजारातून येताना इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली, आणि मी म्हटलं, घर काय, हे आलंच. हा शहाणपणा नडला. घरी येऊन ऑइल बघतो तर दूध घातलेली कॉफी, म्हणजे आत पाणी शिरलेलं. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलेलं, आणि पाणी अडवणारं त्याखालचं गॅस्केट जळलेलं. गॅरेजवाल्यांची ईदेपर्यंत मान वर होत नव्हती, म्हणून म्हटलं, घरीच करू. बाबांनी नव्हतं का केलं?

हेड उतरवून मी जेवणाच्या टेबलावर आणलं (रोज्याचे दिवस, दिवसभर टेबल रिकामंच असतं). व्हॉल्व्ह अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमानं लावले. राहता राहिला हेडवरचा जुना तेलकट कीट. तो उकळल्याशिवाय निघेना, आणि हेड मावेल असं घरात एकच पातेलं, ईदेचा पानात बांधलेला भात शिजवायचं. "आता भात कशात शिजवू? रेडिएटरमध्ये?" असं एन्दाह म्हणाली, आणि तेव्हापासून अबोला.

लेथवाल्यानं हेडचा तळ सपाट करून दिला. व्हॉल्व्ह मात्र मी स्वतः घासून घट्ट बसवले. पेस्ट लावायची, काठीच्या टोकाची रबरी वाटी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत काठी फिरवत राहायची. आधी खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. शेवटी वर रॉकेल ओतून बघायचं. झिरपलं तर पुन्हा पहिल्यापासून. सात व्हॉल्व्ह बसले. आठवा काही केल्या ऐकेना, दोन दिवस झिरपतच राहिला. दादा, त्या आठव्यापाशी बसून मला तुमची फार आठवण आली. टोमणा नाही हा. खरंच आली.

आता बोल्ट. एकूण दहा. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, आधी मधला आवळायचा, मग एकेक करत बाहेरच्या टोकांकडे जायचं, आणि असे तीन फेरे. नाहीतर हेड नीट बसत नाही. मी पाना उचलला आणि अख्खी गल्ली मदतीला हजर! आमच्या गल्लीचे प्रमुख हर्जो काका, वय बहात्तर, डाव्या टोकाला खुर्ची टाकून बसले आणि समोरच्या बोल्टकडे बोट दाखवून म्हणाले, "आण रे तो पाना. पहिला मान माझा." आता बहात्तर वर्षांच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते तुम्हीच सांगा. मी "हो काका" म्हटलं. मग निवृत्त मास्तर, मग टोफूवाले, असे सगळे वयाप्रमाणे, आणि प्रत्येकानं आपापल्या समोरचा आवळला. मधले उरले ते आम्हा धाकट्यांच्या वाट्याला. इंजिन सुरू झालं, टाळ्या झाल्या, मास्तरांनी दुवा मागितली, आणि दहाव्या मिनिटाला हेडखालून पाण्याची चिळकांडी थेट काकांच्या नव्या लुंगीवर. "पानाच खोटा आहे," काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

नवं गॅस्केटही गेलं. तेव्हा यंदाच्या ईदेलाही येणं जमेलसं दिसत नाही. इथूनच तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकतो. वर्षभरात जे चुकलं असेल, त्याची माफी असावी.

आपला आज्ञाधारक भाऊ,
सुरातमान

ता. क. एन्दाहनं पत्र वाचलं. म्हणते, पुढचंही लिही, नाहीतर मी लिहीन. तर पुढचं असं, की गाडी चार दिवसांपासून उत्तम चालते आहे. तिसरं गॅस्केट टाकलं तेव्हा पुन्हा गल्ली जमली, काका पुन्हा डावीकडे बसले. तेवढ्यात एन्दाह दारातून म्हणाली, "काका, मधला बोल्ट मानाचा असतो. तो थोरल्यानंच आवळायचा, पुस्तकात छापलंय." काका ताडकन उठले आणि माझ्यावर ओरडले, "अरे गाढवा, मग त्या दिवशी तोंडात मूग धरले होतेस का?" पुढचं सगळं वयाप्रमाणे आणि पुस्तकाप्रमाणेही झालं. पाण्याचा थेंब नाही.

ता. क. दुसरा. हजाराव्या दिवशी गाडीला काहीही झालं नव्हतं. माझी नोकरी सुटून पंधरा दिवस झाले होते. तुम्ही सगळ्यांसमोर "काय चाललंय?" विचाराल याची लाज वाटली. याच गाडीतून निघालो होतो, दादा. वाटेतल्या चिकाम्पेकपर्यंत आलो आणि परत फिरलो. गावातल्या कुणीतरी मला तिथं पाहिलं, आणि ते तुमच्या कानावर गेलं, हे मला ठाऊक आहे. बाबांच्याच गाडीवर खोटा आळ घातला, याचं फार वाईट वाटतं.

ता. क. तिसरा, आणि मुख्य. पुस्तकाप्रमाणे पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. आमच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत पाचशे चाळीस भरतात. मधला बोल्ट बाबा नेहमी तुम्हाला द्यायचे, आणि मी रुसून बसायचो. काकांना दिलाय तो तात्पुरता. आम्ही परवा निघतो आहोत (हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या आज रात्रीच्या वोनोगिरी बसच्या कंडक्टरकडे देतो, म्हणजे आमच्या आधी पोहोचेल). मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नसतो, त्यामुळे एक रात्र तरी आम्हाला अंगणात ठेवून घ्यावंच लागेल. गाडीला गार व्हायला एक रात्र पुरते, असं पुस्तकात आहे. तुम्हाला किती लागेल, ते कुठल्याच पुस्तकात नाही. आम्ही थांबू.