कोऱ्या ताग्याचे लंगोट

आप्पा,

इथं गच्चीवर आत्ता तुमच्या ताग्याचे बावीस लंगोट वाळत आहेत. एरवी मी मोजत नाही, पण तुम्हाला लिहायला बसले आणि नेमका आकडा सांगावासा वाटला म्हणून उठून मोजले. चोवीस शिवले होते. एक तुमच्या नातीच्या अंगावर आहे आणि एक बादलीत. ती आता सात महिन्यांची झाली. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे तुमचं तोंड तिला ठाऊक नाही, पण तुमचं कापड चांगलं ठाऊक आहे. दिवसातून दहा वेळा ती ते भिजवते आणि भिजवून झालं की हसते.

तो तागा तुम्ही मला दिलात तो दिवस मला लख्ख आठवतो, निदान मी तसं समजत होते. कबनूरच्या आपल्या स्वयंपाकघरात मी शेवटचा चहा पितेय. कोल्हापूरच्या शाळेत नोकरी लागलीय, पिशवी दारात भरून ठेवलीय आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. तुम्ही कॉटखालची ट्रंक ओढता, जुनी चादर बाजूला सारता आणि खालून कोऱ्या कापडाचा तागा काढून माझ्या मांडीवर ठेवता. "माझ्याच मागावरचा हाय. मालकाला सांगून ठेवून घेतलाय. तुझ्या लेकराच्या लंगोटाला!" तुम्ही हे नेहमीच्या आवाजात बोललात, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. जन्मभर मागाच्या खडखडाटात उभं राहून तुमचे कान गेले होते आणि तुमचं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटायचं. माझं तर अजून लग्नही ठरलेलं नव्हतं. मी लाजेनं लाल झाले. "ओरडू नका की आप्पा!" तर तुम्ही म्हणालात, "मग काय कानात सांगू? लंगोटाचं कापड हाय, चोरीचा माल हाय व्हय?" मग तुम्ही बोट वर करून पुढं काहीतरी सांगायला लागलात, "आनि हे बघ, शिवायच्या आदी..." पण मी बस चुकेल म्हणत उठले. बरं बरं, असं म्हणाले आणि तागा पिशवीत कोंबून निघाले.

माझे लंगोट तुम्ही धुतलेत, हे मला शेजारच्या काकींकडून कळलं. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. तुम्ही मला पाळीवर सोबत न्यायचा, आणि मागाच्या शेडच्या मागच्या अंगाला बांधलेल्या दोरीवर माझे लंगोट वाळत असायचे. मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर चिडवायचा, "काय गा, लंगोट धुतोयस? बहिनीला बोलवून घे की." तुमचं उत्तर काकींना पाठ होतं आणि त्या ते तुमच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या, "लेकरू माझं, लंगोट माझं, दोरी पन माझी. तुझं काय अडलंय?" मी मोठी होत होते तेव्हा मला या गोष्टीची लाज वाटायची. शाळेत पालकसभेला तुम्ही भुवयांवर कापसाचा भुरा घेऊन आलात की मी दुसरीकडे बघायची. आता तीच गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत मुद्दाम सांगते, आणि सांगताना माझी मान ताठ होते.

दिवस गेले तेव्हा मला माहेर नव्हतं. बाळंतपण सासरीच, इथं कोल्हापुरात. मग माहेरचा बाळंतविडा कोण आणणार, असं कुणी विचारायच्या आत मी तुमची इथं आणलेली ट्रंक उघडली. सासूबाईंच्या मशीनवर आठव्या महिन्यात बसून लंगोट शिवले, दुहेरी, बंद लावून. एकदा गार पाण्यातून काढले, इस्त्री केली, घड्या घातल्या. काय कडक आणि देखणे दिसत होते! सासूबाई जवळ आल्या, बोटांत कापड चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, कोऱ्या कापडात लेकरू घालत न्हाईत. माझ्या सुती साड्या हाईत की जुन्या. न्हायतर पाकिटातलं आण बाई, आता सगळ्या तेच घालतात." त्या वाईट बोलत नव्हत्या. जुनेर मऊ असतं, म्हणून पहिलं वस्त्र जुनेराचं, एवढाच त्यांचा अर्थ होता. मला मात्र तो माझ्या माहेराचा अपमान वाटला. जुन्या साड्या तुम्हाला, माझ्या मुलीला माझ्या बापाचं कापड, असं मी तोडून बोलले. बारशाला आलेल्या बायकांसमोर मी ते चोवीस लंगोट ताटात मांडले, आणि त्या दिवशी माझ्याएवढी श्रीमंत बाई त्या मांडवात नव्हती.

बारशानंतर चार दिवसांत पोरीच्या मांड्या सोलल्यासारख्या लाल झाल्या. लंगोट घातलेला असायचा आणि सू त्यातून घसरून दुपट्यावर, गादीवर, माझ्या मांडीवर. कापड जेमतेम ओलं आणि बाळ चिंब. कडक काठ जांघेत घासत होता. बदलायला घेतलं की ती अशी किंचाळायची की मलाच रडू फुटायचं. डॉक्टरांनी मलम दिलं, उघडं ठेवा म्हणाले. मी सगळे लंगोट एका पिशवीत भरून माळ्यावर टाकले आणि डायपरचं पाकीट आणलं. सासूबाईंनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पाकिटाचे पहिले चार दिवस मला कसे गेले सांगू? पोर सुखात होती, झोपत होती, आणि मी मात्र माळ्याकडे बघून घास गिळत होते. माझं असं तिला द्यायला एवढं एकच होतं. तेही तिला बाधलं. मग नवऱ्यानं कुठंतरी वाचून बटणांचे, आत पट्टी घालायचे दोन तयार कापडी डायपर मागवले. "बघूया तरी," म्हणाला. खोक्यात एक कागद होता, वापरायची रीत लिहिलेला. पहिलीच सूचना: वापरण्यापूर्वी पट्ट्या चार-पाच वेळा धुवा, तोवर त्या पाणी शोषणार नाहीत. मी ते दोनदा वाचलं. कारण हे मला ठाऊक होतं. तागा देताना बोट वर करून तुम्ही हेच सांगत होतात. त्याच्या कितीतरी आधी हे मला तुम्ही शिकवलं होतं आणि शिकवताना दोन शिव्याही घातल्या होत्या.

मी सातवीत आहे. शिवणकामाच्या तासाला मी तुमच्या मागावरच्या कोऱ्या तुकड्याचा हातरुमाल शिवलाय, कोपऱ्यात फूल भरलंय, बाईंनी वर्गात फिरवून दाखवलाय. घरी आल्यावर मी तो ऐटीत तुमच्या हातात देते. तुम्ही तोंड धुऊन पुसता आणि पाणी नुसतंच इकडचं तिकडं सरकतं. तुम्ही फुलाकडे बघतसुद्धा नाही. रुमाल ओट्यावर पसरता आणि तांब्यात बोट बुडवून त्याच्यावर एक थेंब सोडता. "हे बघ. थेंब वरच बसलाय न्हवं? ह्यात खळ हाय. सूत तुटू ने म्हनून मागावर चढवायच्या आदी त्याला खळ पाजत्यात. कापड उतरलं की खळीचं काम संपलं. ती काढायची! न्हायतर ते कापड न्हवं, पुठ्ठा हाय पुठ्ठा. मागवाल्याची पोरगी हायस आनि येवढं कळंना व्हय तुला?" मी रडले. तरी तुम्ही तो रुमाल माझ्याकडूनच रात्रभर भिजत घालून घेतला, सोडा टाकून उकळून घेतला, खळखळून धुऊन उन्हात वाळवून घेतला. असं तीनदा. मग पुन्हा एक थेंब. थेंब पडला आणि दिसेनासा झाला. "आता झालं कापड," तुम्ही म्हणालात आणि तेव्हा कुठं फुलाकडं बघितलंत.

मी माळ्यावरून पिशवी काढली. आंघोळीचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं, नवऱ्याला पिळायला लावलं. पहिल्या उकळीचं पाणी पेजेसारखं दाट निघालं, आणि त्याला तुमच्या शेडचा वास होता. दुसऱ्या उकळीला पाणी गढूळ, तिसऱ्याला बरंचसं नितळ. सोडा राहू नये म्हणून शेवटी दोनदा नुसत्या पाण्यातून काढलं. सगळी इस्त्री, सगळा कडकपणा गेला. लंगोट दिसायला पार मलूल झाले, पण हातात घेतले तर सायीसारखे. मी एक लंगोट ओट्यावर पसरला. सासूबाई पोरीला कडेवर घेऊन बघत होत्या. मी थेंब सोडला आणि तो पडल्या जागी जिरला. त्यांनी मला बाजूला सारलं, स्वतः बोट बुडवून अजून एक सोडला. तोही गेला. मग त्यांनी कापड बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय की गं तुझ्या बापाचं कापड."

आप्पा, या घरात एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला आलेलं मी ऐकलेलं नाही.

तेव्हापासून पोरीच्या अंगावर एक लाल ठिपका उठलेला नाही. रोज सकाळी बादली मी करते, संध्याकाळची नवरा करतो, आणि गच्चीवर शेजारी हसले तर त्याला तुमचं दोरीचं उत्तर मी पाठ करून दिलंय. ते त्यानं एकदा वापरलंही. आजऱ्याला लग्नाला गेलो तेव्हा पाकीट नेलं होतं, तेवढं माफ करा. सासूबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला लंगोट हातात देऊन म्हणतात, चोळून बघा.

आता जे सांगायला बसले ते सांगते. पोर पहिल्यांदा किंचाळली त्या दिवशी सासूबाईंनी मला काहीही विचारलं नव्हतं. मीच आपणहून म्हणाले, "कापडच हलकं आहे, मागावरच्या माणसाला मालक काय चांगलं देणार!" माझी चूक मी तुमच्या माथी मारली, आणि तुम्ही खोडून काढायला नव्हता. पुढं खळ काढली, सगळं नीट झालं, तेव्हा तुला हे कसं सुचलं, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हणाले, त्या खोक्यातल्या कागदावर वाचलं. तुम्ही शिकवलं होतं असं सांगितलं असतं, तर मी विसरले होते हेही सांगावं लागलं असतं. सहा महिने घरात त्या कागदाचं नाव निघतंय आणि मी ऐकून घेतेय.

तुम्ही असता तरी हे मी तुमच्याजवळ कबूल केलं नसतं. तुम्हाला ऐकू जायला ओरडावं लागायचं, आणि अशी गोष्ट कोण ओरडून सांगतं? म्हणून लिहिलं. हा कागद ताग्याच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवते, दुसरीकडे कुठं पाठवणार! खालून सासूबाई हाका मारतायत, पोर उठली वाटतं. लंगोट काढून घेते आणि खाली जाते. गेल्या गेल्या त्यांना सांगणार आहे, खळीचं कुणी शिकवलं ते. तुमच्याच आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.